मधुमेह : दोष कोणाचा, हिशेब कोणाचा?

मृत्यू सर्वांना समान लेखतो, असे आपण दफनभूमीतून परतताना एकमेकांस सांगत असतो. दुःखाच्या घरी हे वाक्य समाधान देते आणि ते खोटेही नाही. शवपेटी सागवानी असली म्हणून माती कोणाला वेगळी वागणूक देत नाही. तथापि मृत्यू केव्हा यावा, कोणत्या कारणाने यावा आणि येण्यापूर्वी त्याने किती वर्षे बाहेर थांबावे, या बाबतींत माणसामाणसांत मुळीच समता नाही. एकच रोग, एकच औषध आणि ते औषध हाती येऊन शंभर वर्षे उलटलेली. तरीही एका देशात त्या रोगाचा माणूस नातवंडांची लग्ने पाहून जातो आणि दुसऱ्या देशात त्याच रोगाने पन्नाशीच्या आत डोळे मिटतो. मधुमेह हा असा रोग आहे. देशोदेशींच्या मृत्युदरांत एवढी तफावत का पडावी, हा प्रश्न वरवर डॉक्टरांचा आणि आकडेशास्त्रज्ञांचा वाटतो. माझ्या मते तो आधी नीतीचा प्रश्न आहे आणि आपल्या घराघरांत तो रोज चुकीच्या रीतीने सोडवला जातो.

प्रथम आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार १९९० साली जगात सुमारे २० कोटी लोकांना मधुमेह होता. २०२२ साली ही संख्या ८३ कोटींवर गेली. त्यांपैकी तिशी ओलांडलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना कसलेही औषध मिळत नव्हते. २०२१ या एका वर्षात थेट मधुमेहाने १६ लाख माणसे दगावली आणि त्यांतील जवळजवळ निम्मी सत्तरीच्या आतली होती. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी होऊन गेलेली ५ लाख ३० हजार माणसे आणखी वेगळी. या मृत्यूंची देशवार विभागणी पाहिली की जपान तळाशी दिसतो, तर फिजी आणि पॅसिफिक महासागरातील त्याची शेजारी बेटे, मॉरिशस, मेक्सिको ही वरच्या टोकाला दिसतात. भारत मध्ये कोठेतरी आहे. ही तुलना करताना देशांचे वयोमान समान धरून दर काढावे लागतात, कारण जपान म्हाताऱ्यांचा देश आहे आणि म्हाताऱ्यांच्या देशात मृत्यू अधिक होणारच. वयाचा हा फरक वजा केल्यावरही वर सांगितलेले अंतर उरते. शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात येते. २००० ते २०१९ या काळात मधुमेहाचा असा समायोजित मृत्युदर जगभर ३ टक्क्यांनी वाढला. पण ज्यांना निम्न-मध्यम उत्पन्नाचे म्हणतात अशा देशांत तो १३ टक्क्यांनी वाढला. आपला देश याच गटात मोडतो.

आता आपण हा प्रश्न घरी कसा सोडवतो ते पाहा. कोणाला ‘शुगर’ निघाली असे कळले की पहिला उद्गार असतो, “गोड फार खायचा तो!” रोग्याच्या ताटाकडे सर्वांचे लक्ष जाते. नाताळच्या फराळाचे तबक त्याच्यापुढून अलगद उचलले जाते आणि उचलणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजीबरोबर थोडा न्यायाधीशाचा भावही असतो. पुढे त्याचा पाय कापावा लागला तर “पथ्य पाळले नाही” हा निकाल तयारच असतो. खादाडपणाची गणना सात मुख्य पापांत होते हे आपण लहानपणी पाठ केलेले असल्यामुळे या निकालाला एक प्रकारचा पवित्र आधारही मिळतो. जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे विचारणारे शिष्य आपल्याला शुभवर्तमानात भेटतात. त्यांना मिळालेले उत्तरही आपण ऐकलेले असते. तरी मधुमेह्याच्या बाबतीत आपण तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि उत्तर आधीच ठरवून टाकतो.

हा निकाल खरा मानला तर मृत्युदराच्या तक्त्याचा अर्थ असा लावावा लागेल की फिजीची माणसे अतिशय खादाड आणि जपानची माणसे अतिशय संयमी. एक अख्खा देश दुसऱ्या अख्ख्या देशाहून पन्नास वर्षांत इतका अधिक पापी कसा झाला, हे मात्र कोणालाही सांगता येणार नाही.

फिजी आणि जपान ही नावे दूरची आहेत, म्हणून विचारासाठी एक जवळचे गाव घेतो. बुलढाणा जिल्ह्यात मेहकरहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुलतानपूर नावाचे गाव आहे. उल्केच्या आघाताने झालेले लोणारचे खाऱ्या पाण्याचे सरोवर पाहायला जाणारे प्रवासी या गावावरून पुढे निघून जातात. सोयाबीन, कापूस, तूर पिकवणारा हा सगळा मुलूख. या गावातील बावन्न वर्षांचा एक शेतकरी आपण कल्पनेने उभा करू. हे कोणा खऱ्या माणसाचे चित्र नव्हे. अंगाने तो सडपातळ आहे. त्याने आयुष्यात मिठाई खाल्ली ती लग्नकार्यात. दोन-तीन वर्षांपासून त्याला तहान फार लागते, रात्री चार वेळा उठावे लागते, तळपाय बधिर झाल्यासारखे वाटतात. पण उन्हात राबणाऱ्याला तहान लागायचीच, असे तोही म्हणतो आणि घरचेही म्हणतात. एके दिवशी बाभळीचा काटा तळपायात मोडतो आणि त्याला तो जाणवतही नाही. जखम चिघळते, बोट काळे पडते, ताप चढतो. मेहकरला नेईपर्यंत विष अंगभर भिनलेले असते आणि दोन दिवसांत तो जातो.

याच्या मृत्यूचे कारण काय लिहायचे? काटा? ताप? जखम? ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत मृत्यूची तारीख येईल, नाव येईल. पण मधुमेह हा शब्द तेथे येईलच असे नाही. त्याच्या रक्तातील साखर कोणी कधी तपासलेलीच नसेल तर हा शब्द लिहिणार कोण? असा माणूस मृत्युदराच्या जागतिक तक्त्यात ताप किंवा जखम या सदराखाली जातो, नाहीतर कोठल्याच सदरात जात नाही.

मृतांची मोजदाद हे काम आपल्या वाचकांना तसे अपरिचित नाही. १६१४ साली निघालेल्या रोमन विधिग्रंथाने प्रत्येक धर्मग्रामात मृतांची नोंदवही ठेवण्याचा नियम घालून दिला आणि आजही आपल्या चर्चच्या कपाटात ती वही असते. तिच्यात मृताचे नाव, वय, दफनाचा दिवस, अंतिम संस्कार मिळाले की नाही, अशा बाबी असतात. माणूस कशाने गेला यापेक्षा तो कसा गेला याची चिंता तिला अधिक. पुढे १६६२ साली लंडनच्या जॉन ग्राँट नावाच्या शिवणसामानाच्या एका व्यापाऱ्याने तेथील पॅरिशांच्या साप्ताहिक मृत्यूयाद्या गोळा करून त्यांवर पुस्तक लिहिले आणि मृत्युदराच्या शास्त्राचा पाया घातला. त्या याद्यांत कारण नोंदवण्यासाठी म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत. त्या प्रेत पाहून कारण सांगत. आज त्या बायकांची जागा डॉक्टरांच्या प्रमाणपत्राने घेतली आहे. पण हे प्रमाणपत्र मिळते कितीजणांना? भारतात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, २०२३ साली त्यात सुधारणा होऊन दवाखान्यांना कारण देणे बंधनकारक झाले. पण जो दवाखान्यात मरतच नाही, त्याचे काय?

प्रमाणपत्र असले तरी गोष्ट तेथे संपत नाही. या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिल्यात तात्कालिक कारण, त्यामागचे कारण आणि सर्वांच्या मुळाशी असलेले कारण अशी उतरंड लिहायची. दुसऱ्यात मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर व्याधी. आकडेवारीत मोजले जाते ते फक्त मुळाशी असलेले कारण. मधुमेही माणूस हृदयविकाराने गेला तर मुळाशी हृदयविकार लिहायचा की मधुमेह, हे लिहिणाऱ्याच्या हातात. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, ज्यांना मधुमेह असल्याचे निश्चित माहीत होते अशा मृतांपैकी ३९ टक्क्यांच्याच प्रमाणपत्रावर मधुमेहाचा उल्लेख सापडला आणि मूळ कारण म्हणून तो लिहिला होता १० टक्क्यांच्या बाबतीत. ही कथा अमेरिकेची. सुलतानपूरची वाचकांनी ताडावी. तेव्हा मृत्युदराच्या तक्त्यात एखादा देश खाली दिसला म्हणून तेथे मरण कमी असे नसते. कधी तेथे फक्त लेखन कमी असते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी केली. आप्तांना लक्षणे विचारून कारण ठरवण्याची ही रीत आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात असे दिसले की त्या जंगल-खेड्यांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे होते; सातांतील सुमारे एक मृत्यू त्याने होत होता. खेड्यात माणसे हगवणीने आणि हिवतापाने मरतात, शहरी रोग तेथे कोठून येणार, ही आपली जुनी समजूत. विचारायला कोणी गेले नाही तोवर ती टिकली.

तथापि सगळी तफावत लेखनाची आहे असे म्हणून सुटका नाही. लेखन चोख असलेल्या देशांतही अंतर आहेच, आणि त्याचा इतिहास तपासला तर ताटापलीकडच्या गोष्टी दिसू लागतात.

पॅसिफिक महासागरात नाऊरू नावाचे इवलेसे बेट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याच्या पोटातील फॉस्फेट खणून काढले गेले आणि ते खत म्हणून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शेतांत पसरले गेले. बेटाचा मधला भाग खडकांचा सांगाडा होऊन उरला. तेथे काही पिकेना. १९६८ साली स्वातंत्र्य मिळाले, फॉस्फेटचा पैसा आला आणि त्या पैशाने डब्यातले मांस, पांढरा तांदूळ, साखर, मैदा बोटीने येऊ लागला. १९७५ साली तपासणी झाली तेव्हा पंधरा वर्षांवरील लोकांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोक मधुमेही निघाले. त्यांची माती दुसऱ्यांच्या गव्हाला गेली आणि त्यांच्या वाट्याला दुसऱ्यांचा मैदा आला. या बेटावरच्या माणसाला “तू गोड फार खातोस” असे सांगणे मला मोठे धाडसाचे वाटते.

मॉरिशसची गोष्ट तर आपल्या भाषेची आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जी भारतीय माणसे तेथे नेली गेली, त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवतात. ही माणसे साखर करायला गेली. शतकभराने त्यांच्या बेटावर साखरेचाच रोग हा हृदयविकाराच्या जोडीने मृत्यूचे प्रमुख कारण होऊन बसला. १९८७ साली तेथे मोठे सर्वेक्षण झाले. रक्तच तसे, भारतीयांचा वंशच तसा, असे म्हणण्याची तेव्हा रीत होती. पण आकडे निराळेच बोलले. हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे क्रिओल आणि चिनी, या सर्वांत मधुमेहाचे प्रमाण साधारण सारखेच, दहा ते तेरा टक्क्यांच्या दरम्यान आढळले. चार समाजांची रक्ते, पण बेट एक, दुकान एक आणि काम करण्याची बदललेली रीत एक. त्याच सुमारास तेथील सरकारने शिधावाटपाच्या खाद्यतेलातील पामतेलाचा बराचसा भाग काढून त्याऐवजी सोयाबीनचे तेल आणले आणि पाच वर्षांत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल लक्षणीय उतरले. हे मुख्यतः उपदेशाने झाले नाही. बदलला तो डबा. मधुमेह मात्र त्याने हटला नाही, हेही सांगितले पाहिजे. मॉरिशसचा मृत्युदर एवढा उंच दिसण्यामागे त्या छोट्या देशाची नोंदणी जवळजवळ पूर्ण आहे, हेही एक कारण आहे. प्रामाणिक वही नेहमीच अधिक काळी दिसते.

आता परत महाराष्ट्रात येऊ, कारण या प्रश्नाचे जगाला मिळालेले एक महत्त्वाचे उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांतून आले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली आसपासच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या स्त्रियांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन होते ४२ किलो आणि उंची पाच फूट. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. बाळे बारीक असणार हे अपेक्षितच होते. नवल पुढे होते. या बारीक बाळांचे स्नायू कमी होते, पोटातील अवयव लहान होते, पण चरबी मात्र जवळजवळ पुरती होती. उपाशी आईच्या उदरात वाढताना शरीराने स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी राखून ठेवली, जणू पुढे दुष्काळच आहे असे त्याला कोणी सांगितले होते. स्नायू हे साखर खर्च करणारे घर आहे. ते लहान राहिले आणि पुढे चार पैसे येऊन बसून खाण्याचे दिवस आले, की साखर रक्तातच साचते. डॉ. याज्ञिक यांनी पुढे इंग्लंडमधील आपले सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघेही सडपातळ, दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक हुबेहूब २२.३, पण इंग्रज डॉक्टरच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि मराठी डॉक्टरच्या अंगात २१.२ टक्के. विद्वानांनी आपल्या पोटाचा असा जाहीर हिशेब दिल्याचे उदाहरण विरळाच.

सुलतानपूरचा आपला सडपातळ शेतकरी येथे समजू लागतो. तो बावन्न वर्षांचा, म्हणजे त्याचा जन्म १९७२ च्या दुष्काळाच्या आसपासचा. त्याची आई तेव्हा खडी फोडायला जात असेल, काय खात असेल, हे आपण कल्पनेनेच भरायचे. पण महाराष्ट्रात त्या पिढीच्या लाखो माता तशा होत्या हे कल्पित नव्हे. दुष्काळ त्याच्या रक्तात उतरला असे एका माणसाबाबत कोणीही सिद्ध करू शकणार नाही. मात्र त्याचा रोग त्याच्या ताटात सुरू झाला असे म्हणणाऱ्यांनी निदान ताट कोणाचे, त्याचे की त्याच्या आईचे, हे विचारावे. पुण्याच्या अभ्यासात ज्या मातांच्या खाण्यात पालेभाजी, फळे आणि दूध वारंवार होते, त्यांची बाळे अधिक भरदार निघाली. मेथीची जुडी, अंबाडीची भाजी, पेलाभर दूध. त्या काळी तिच्या हाती हे किती पडत होते आणि घरातल्या वाढणीत तिचा क्रम कितवा होता, हाही पुन्हा नीतीचाच प्रश्न आहे आणि तो सरकारपाशी नेण्याआधी स्वयंपाकघरातच विचारण्यासारखा आहे.

रोग होणे ही एक गोष्ट आणि रोगाने मरणे ही दुसरी. मृत्युदरातील सर्वांत मोठे अंतर या दोहोंच्या मधल्या वाटेवर पडते. सतरा देशांतील दीड लाखाहून अधिक लोकांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. हृदयविकाराला निमंत्रण देणाऱ्या गोष्टी, म्हणजे लठ्ठपणा, रक्तातील चरबी, बैठे जीवन इत्यादी, श्रीमंत देशांत सर्वाधिक आढळल्या. पण प्रत्यक्ष मृत्यू सर्वाधिक आढळले ते गरीब देशांत. म्हणजे पाप म्हणायचे असेल तर ते तिकडे जास्त आणि शिक्षा इकडे जास्त! स्वीडनमधील दोन लाख सत्तर हजारांहून अधिक मधुमेह्यांचा अभ्यास २०१८ साली आला. ज्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि लघवीतील प्रथिने काबूत होती आणि जे धूम्रपान करीत नव्हते, त्यांच्या मृत्यूचा धोका मधुमेह नसलेल्या शेजाऱ्यापेक्षा जवळजवळ अधिक नव्हताच. हे वाचून मी थबकलो. रोग तोच, पण त्याचे मरण जवळजवळ वजा झालेले. यात चमत्कार काही नाही. चार तपासण्या, स्वस्त अशा काही गोळ्या, विडी सोडवणे आणि वर्षानुवर्षे त्याच माणसाला नावाने बोलावून विचारणारी कोणीतरी परिचारिका. जपानात २००८ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांची वार्षिक तपासणी होते आणि तिच्यात कंबरही मोजतात. आपल्याकडे कंबर फक्त शिंप्याला माहीत असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. याच पाहणीमालिकेत २०१७ साली आणखी एक गोष्ट पुढे आली होती. आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत मधुमेहाचे प्रमाण आता सधन वर्गापेक्षा गरीब वर्गात अधिक आहे. श्रीमंतांचा रोग म्हणून ज्याची थट्टा झाली तो गरिबांच्या वस्तीत राहायला आला आहे, आणि श्रीमंतांच्या औषधपेटीला मात्र त्याने बरोबर आणलेले नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. सारा दोष इतिहासाचा, आईच्या कुपोषणाचा आणि सरकारचा, मग माणसाची स्वतःची जबाबदारी काही उरते की नाही? उरते. ज्याला चालता येते त्याने चालावे, ज्याला भाकर परवडते त्याने भाकर सोडून मैद्याकडे जाऊ नये, आणि दारू व तंबाखू यांविषयी तर कोणी वेगळे सांगायला नको. मात्र जबाबदारी ही पर्यायांच्या प्रमाणात असते. ज्याच्यापुढे दहा वाटा आहेत त्याने वाईट वाट धरली तर त्याला जाब विचारता येतो. ज्याच्यापुढे एकच वाट आहे त्याला विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मेक्सिकोने २०१४ साली गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला आणि २०१६ साली मधुमेहाला राष्ट्रीय आणीबाणी म्हणून जाहीर केले. तरीही २०२० साली तेथे मधुमेहाने दीड लाखाहून अधिक माणसे गेली. उशिरा केलेल्या उपायांचे असेच असते. मरण जुन्या वर्षांची थकबाकी वसूल करीत राहते. पण निदान त्या देशाने जाब रोग्याला न विचारता बाटली विकणाऱ्याला विचारला, हे मला योग्य वाटते.

ज्यांच्या बाबतीत आहाराचा दोष काढायला जागाच नाही असे रोगी म्हणजे लहान मुले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीर स्वतःच नष्ट करते. अशा मुलाला इन्सुलिन टोचले नाही तर ते वाचत नाही. हे औषध १९२१ साली टोरोंटोत फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले आणि १९२३ साली त्याचे स्वामित्वहक्क विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. औषध सर्वांना मिळावे, हा त्यामागील हेतू. शंभर वर्षांनी अमेरिकेसारख्या देशात ते इतके महाग झाले की वृद्धांच्या विमा योजनेत त्याची किंमत महिन्याला ३५ डॉलरांवर रोखण्यासाठी कायदा करावा लागला. तो २०२३ च्या जानेवारीत अमलात आला. विदर्भात अडचण किमतीएवढीच उन्हाचीही आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, वीज जाते, आणि इन्सुलिनची बाटली तापली की तिचा गुण ओसरतो. ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांना डॉक्टर ओल्या मातीच्या माठात बाटली ठेवायला सांगतात. माठातला गारवा पुरतो, असे तपासण्यांत दिसले आहे. पुरत नाही ती पुढच्या महिन्याची बाटली.

२०२२ साली जगभरच्या अशा मुलांचा एक हिशेब प्रसिद्ध झाला. दहाव्या वर्षी हा रोग निघालेले मूल पुढे किती वर्षे जगेल? श्रीमंत देशांत सरासरी ६५ वर्षे. अत्यंत गरीब देशांत सरासरी १३ वर्षे. आपली मुले या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी असतात. कोणत्या घरी जन्मली त्यावर ठरते.

इन्सुलिन ज्याला प्रथम टोचले गेले तो लिओनार्ड थॉम्पसन नावाचा टोरोंटोचा मुलगा होता. साल १९२२, महिना जानेवारी, मुलाचे वय तेरा-चौदा, वजन तीस किलोच्याही आत. पहिल्या टोचणीने फारसा गुण आला नाही; बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेले औषध दिले आणि मुलगा उठून बसला. तेव्हा औषध नवे होते, मात्रा अंदाजाने ठरत होती, घरी साखर मोजण्याची सोय नव्हती, प्रतिजैविके निघायची होती. १९३५ साली तो न्यूमोनियाने वारला. त्याला औषधाने मिळालेली वर्षे तेरा.